उत्प्रवासन, रोजगारार्थ (कोकण किनारा व मीरा-भाईंदर)

उपजीविकेसाठी स्वदेश सोडून दुसऱ्या देशात जाणे आणि तेथे काही काळ अथवा कायम वास्तव्य करणे, यास रोजगारार्थ उत्प्रवासन म्हणतात. कोकण किनाऱ्यावरून व मुंबई बंदरातून असे उत्प्रवासन सु. पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्याचे तीन प्रमुख टप्पे दिसतात : मॉरिशसकडे गेलेले करारबद्ध मजूर, आगबोटींवरील खलाशी व त्यांच्याच काळात दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत गेलेले कोकणी मुसलमान आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणी आखाताच्या देशांत गेलेले कामगार. या तिन्ही टप्प्यांत माणसे बहुधा सारख्याच कारणांनी बाहेर पडली; परंतु त्यांची घरे मात्र एका ठिकाणी वसली नाहीत. ज्या देशाने काम संपल्यावरही राहू दिले, तेथे उत्प्रवाशांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्याने वास्तव्याचा हक्क नोकरीशी जखडून ठेवला, तेथून कमाई परत आली व घर मायदेशातच बांधले गेले. मुंबईच्या उत्तर सीमेलगतचे मीरा-भाईंदर शहर काही अंशी या दुसऱ्या प्रकाराचे फलित आहे.

पार्श्वभूमी : साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर मीरा-भाईंदरचा प्रदेश आहे. उत्तन, डोंगरी, पाली, राई, मुर्धे, नवघर, काशी, मिरे, घोडबंदर इ. गावे मिळून हा भाग बनला असून भातशेती, मासेमारी व मीठ हे त्याचे जुने व्यवसाय होत. अरबस्तानातून येणारे घोडे येथे उतरत, यावरून घोडबंदर हे नाव पडले असे मानतात. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला, तर १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आली. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले येथील कोळी, शेतकरी व कारागीर पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे नाव अधिकृतपणे घेतले. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोमंतकीय व मंगळूरी ख्रिस्ती लोकांपासून आपण मूळचे रहिवासी म्हणून वेगळे ओळखले जावे, हा त्यामागील उद्देश होता. नोकरीच्या शोधात आलेल्यांमुळे स्थानिकांना स्वतःचे नाव बदलावेसे वाटले, ही गोष्ट या किनाऱ्याच्या इतिहासात स्थलांतराचे स्थान किती मोठे होते हे दाखविते.

दक्षिणेकडील रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांत जमिनीचे तुकडे लहान होते, पीक पावसाच्या एकाच हंगामाचे होते आणि बऱ्याच भागात खोती पद्धतीचा बोजा होता. त्यामुळे घरातील एखाद्या पुरुषाने बाहेर पडून पैसे पाठवावे, ही रीत तेथे लवकर रुळली. पहिला मुक्काम बहुधा मुंबई हाच असे. गिरणी, गोदी किंवा घरकाम यांत शिरलेला माणूस गावी मनीऑर्डर पाठवी आणि शेतीच्या हंगामात वा सणाला परते. परदेशगमन हे पुष्कळदा याच वाटेचे पुढचे पाऊल होते. मुंबईतील गाववाल्यांच्या खोल्या, सारंगांच्या ओळखी व दलालांचे जाळे यांतूनच त्याची सोय लागत असे.

मॉरिशस : ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. मॉरिशसमध्ये तो फेब्रुवारी १८३५ पासून अंमलात आला. ऊसमळ्यांना मजूर मिळावेत म्हणून त्यापूर्वीच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. ‘अ‍ॅटलास’ जहाजावरील ३६ मजूर २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुइस येथे पोहोचले. फसवणूक व हालअपेष्टा यांच्या तक्रारींमुळे ही वाहतूक लवकरच थांबविण्यात आली. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. प्रारंभीच्या करारांची मुदत पाच वर्षांची असून दरमहा पाच रुपये वेतन व शिधा, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन या पद्धतीस ‘गिरमिट’ हे नाव मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मॉरिशसला गेलेल्यांची एकूण संख्या सु. साडेचार लाख भरते. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने लहान होता. मराठी भाषक मजूर मुख्यत्वे रत्नागिरी व लगतच्या प्रदेशांतील होते. मळ्यावरील जीवन कठोर होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापणारी ‘दुहेरी कपात’ मजुरांना विशेष जाचे. करार संपलेल्या मजुरांवरही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगण्याची सक्ती केली. याविरुद्ध आदॉल्फ द प्लेव्हित्झ याच्या साहाय्याने हजारो मजुरांनी १८७१ मध्ये अर्ज केला आणि त्यातून शाही आयोगाची चौकशी झाली.

असे असूनही आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक मॉरिशसमध्येच राहिले. याची कारणे कराराच्या बाहेर शोधावी लागतात. मुदत संपल्यावर बेट सोडण्याची सक्ती नव्हती. पुरुषांबरोबर ठराविक प्रमाणात स्त्रियाही नेल्या पाहिजेत असा नियम पुढे झाल्याने कुटुंबे उभी राहू शकली. १८७० नंतर साखरेचा धंदा मंदावला, तेव्हा मळेमालकांनी जमिनीचे तुकडे पाडून विकण्यास सुरुवात केली आणि पै-पै साठविलेल्या जुन्या मजुरांनी ते विकत घेतले. निवासाचा हक्क, कुटुंब व जमीन ही तिन्ही हाती आल्यामुळे मजुराचा गावकरी बनला. पश्चिमेकडील काळी नदी (ब्लॅक रिव्हर) जिल्हा, कास्काव्हेल, व्हाकोआ इ. ठिकाणी मराठी वस्ती एकवटली. नोंदणीच्या वेळी लिहिलेले आजोबा-पणजोबांचे व्यक्तिनाम हेच पुढे अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. घरातील बोली हळूहळू क्रिओल बनली; मराठी मात्र पूजा, आरत्या व गाणी यांतून टिकून राहिली. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर शाळांतून व १९७० मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेतून तिच्या अध्यापनास आधार मिळाला. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी आहे. मजूर उतरविण्यात येत ती पोर्ट लुइस येथील इमारत ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली.

खलाशी आणि केप वसाहत : १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर मुंबईहून यूरोपकडे जाणाऱ्या आगबोटींची वाहतूक वाढली. त्यांवर कोकणातील मुसलमान व इतर दर्यावर्दी जातींचे लोक डेकवर, तर गोमंतकीय ख्रिस्ती लोक भोजनगृहात व स्वयंपाकघरात काम करीत. भरती सारंगामार्फत होई. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्याला पैसे द्यावे लागत. तथापि परक्या जगात खलाशाचा तोच आधार असे. १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी नौकानयन कायद्यामुळे हिंदी खलाशाला स्वदेशी परत येण्यास करारानेच बांधून घेता येत असे. यूरोपीय खलाशाहून त्याचे वेतन बरेच कमी होते, आणि चांगल्या वेतनासाठी ब्रिटनमधील बंदरात करार सोडून राहणे हा गुन्हा ठरे. त्यामुळे जगातील बहुतेक मोठी बंदरे पाहिलेला हा माणूस कोठेच स्थायिक होऊ शकला नाही. दोन सफरींच्या मधील काळ तो मुंबईत गावाच्या जमातीच्या खोलीत वा गोमंतकीयांच्या ‘कुडा’त काढी आणि कमाई गावच्या घरात घाली. मोजके लोक लंडन, लिव्हरपूल, कार्डिफ यांसारख्या बंदरांत मागे राहिले.

केप टाउन येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकणी मुसलमानांची जी वस्ती झाली, तिची स्थिती या दोहोंच्या मधली होती. तेथे किरकोळ व्यापार व मजुरी करून ते स्थिरावले. परंतु १९०२ व १९०६ च्या वसाहतीच्या कायद्यांनी आणि १९१३ च्या दक्षिण आफ्रिकी संघराज्याच्या कायद्याने नव्या आगमनाचे दार जवळपास बंद केले. आधीपासून राहणाऱ्याला गावी जाताना परतीचा परवाना घ्यावा लागे आणि त्याची मुदत चुकल्यास केपमधील निवासाचा हक्क बुडत असे. परिणामी अनेक पुरुषांनी आयुष्याचा मोठा भाग केपमध्ये एकट्याने काढला, तर बायका-मुले कोकणातच राहिली. एकाच माणसाची दोन ठिकाणची बांधिलकी कागदाच्या एका तुकड्यावर अवलंबून राहण्याचा हा प्रकार पुढे आखाती देशांत अधिक मोठ्या प्रमाणावर दिसून आला.

आखाती देश : मुंबई व आखात यांचा संबंध मोती, खजूर, घोडे व कापड यांच्या व्यापारामुळे जुनाच होता. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने (स्थापना १९०९) इराणमधील आबादान येथे तेलशुद्धीकरण कारखाना उभारला, तेव्हा कारकून, जोडारी, चालक इ. कामांसाठी हिंदी कामगार नेण्यात आले. १९२० मध्ये आबादानच्या हिंदी कामगारांनी वेतन व राहणीच्या प्रश्नांवर संपही केला. १९३२ मध्ये बहरीनला तेल सापडल्यावर हा ओघ आखाताच्या पश्चिम किनाऱ्याकडेही वळला. भारतीय रुपया हेच त्या काळी या प्रदेशातील प्रमुख चलन होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी स्वतंत्र रुपयाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये व इतर राज्यांनी त्यानंतरच्या दशकभरात आपापली चलने सुरू केली.

ऑक्टोबर १९७३ नंतरच्या काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत सु. चौपट झाली. त्या पैशातून रस्ते, बंदरे, रुग्णालये व नवी शहरे बांधण्याचा प्रचंड कार्यक्रम आखाती देशांनी हाती घेतला. स्थानिक लोकसंख्या अल्प असल्याने गवंडी, सुतार, वायरमन, वेल्डर, वाहनचालक, परिचारिका, हिशेबनीस अशा सर्व थरांतील माणसे बाहेरून आणावी लागली. पारपत्र, वैद्यकीय तपासणी, कौशल्यचाचणी व विमान या सर्वांसाठी मुंबईस यावे लागत असल्याने हे शहर भरतीचे मोठे केंद्र बनले. केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश व बिहार येथील उमेदवारांबरोबर रत्नागिरी, रायगड व ठाणे जिल्ह्यांतील तरुणही या रांगेत होते.

आखातातील वास्तव्याची चौकट ‘कफाला’ पद्धतीने ठरविली. कामगाराचा व्हिसा व निवासपरवाना ज्याच्या नावे असतो तो कफील, म्हणजे पुरस्कर्ता मालक, होय. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलणे व काही देशांत तर देश सोडणेही अशक्य असे. पारपत्र मालकाने ताब्यात ठेवण्याची प्रथा बेकायदेशीर असूनही सर्रास चाले. विशिष्ट वेतनमर्यादेखालील कामगाराला कुटुंब नेता येत नसे. नागरिकत्व तर उच्चपदस्थालाही जवळजवळ अप्राप्य होते. त्यामुळे दोन-दोन वर्षांचे करार वीस-तीस वर्षे नव्याने होत राहिले, तरी शेवटचा दिवस परतीचाच ठरलेला असे. वरच्या वेतनश्रेणीतील मराठी कुटुंबांनी कुवेत, बहरीन, दुबई येथे महाराष्ट्र मंडळे काढली, गणेशोत्सव साजरे केले व मुलांना भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत शिकविले. पण शाळा संपल्यावर ही मुले बहुधा भारतात वा पाश्चात्त्य देशांत पाठविली जात. कामगार छावणीत राहणाऱ्याच्या वाट्याला सामायिक खोली, उन्हातील काम आणि शुक्रवारची सुटी एवढेच येई.

या जीवनातील अनिश्चितता ऑगस्ट १९९० मध्ये एकाएकी उघडी पडली. इराकने कुवेतचा कब्जा घेतल्यावर तेथील सु. १,७०,००० भारतीयांना परत आणावे लागले. बहुतेकांनी इराकमार्गे जॉर्डन गाठले व अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी ते मुंबईस उतरले. कित्येकांची बचत कुवेती बँकांत अडकली. सामान टाकून रिकाम्या हाताने सहार विमानतळावर उतरलेल्यांमध्ये वर्षानुवर्षे आखातात राहिलेली सुस्थित कुटुंबेही होती.

कायदा : परदेशी जाणाऱ्या श्रमिकाचे संरक्षण हा सरकारी जबाबदारीचा विषय १८३७ पासून कायद्यात आला. १८६४ व १८८३ च्या कायद्यांनी बंदरांतील भरतीवर नियंत्रण आणले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव केंद्रीय विधिमंडळात मांडला. १९१७ मध्ये करारबद्ध मजुरांची रवानगी थांबली आणि १९२२ मध्ये नवा कायदा झाला. मळेमजुरांसाठी केलेला हाच कायदा आखाती भरतीच्या पहिल्या दशकात अंमलात होता व त्या कामास तो अपुरा पडला. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने भरती करणाऱ्या दलालांची नोंदणी व अनामत सक्तीची केली. ठराविक देशांकडे जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगारांस उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी आवश्यक ठरली. मुंबई हे या संरक्षकांच्या प्रमुख कार्यालयांपैकी एक आहे. २००३ मध्ये अशा कामगारांसाठी सक्तीची विमायोजनाही सुरू झाली. तथापि या तरतुदींचा भर प्रस्थानावर आहे. उंबरठा ओलांडल्यानंतर थकलेले वेतन, बदललेला करार किंवा काढून घेतलेले पारपत्र यांबाबत कामगाराला यजमान देशाच्या कायद्यावर व भारतीय वकिलातीच्या प्रयत्नांवरच विसंबावे लागते. बेकायदेशीर दलालीची रक्कम बहुधा कर्जाऊ काढलेली असल्याने पहिल्या एक-दोन वर्षांची कमाई ते कर्ज फेडण्यातच जाते. म्हणून नोकरी वाईट असली तरी सोडवत नाही.

मीरा-भाईंदर : आखातातील बचतीला मायदेशी दोन वाटा होत्या : गावी घर बांधणे आणि मुंबईजवळ सदनिका घेणे. कोकणात पहिली वाट सिमेंटच्या दुमजली घरांच्या रूपाने दिसते. दुसरीसाठी मुंबई शहरातील जागा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाड्याच्या घरांची नवी बांधणी आटली होती आणि मालकीच्या सदनिकांचे भाव चढत होते. दहिसरची हद्द ओलांडताच मात्र रेल्वेलगत मिठागरांची व शेतीची मोकळी जमीन स्वस्तात उपलब्ध होती. १८६४ पासून खाडीवरून मुंबईत शिरणारा लोहमार्ग येथून जातच होता. १९७० नंतरच्या दशकात मीरा रोड व भाईंदर स्थानकांभोवती इमारती उभ्या राहू लागल्या. १९८५ मध्ये ग्रामपंचायतींच्या जागी नगर परिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. लोकसंख्या १९९१ मध्ये सु. १,७५,०००, २००१ मध्ये ५,२०,३८८ आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ होती.

या वाढीचे मुख्य कारण मुंबईतील मध्यमवर्गाचे उत्तरेकडे सरकणे हे होय. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून बाहेर पडलेल्या मुसलमान कुटुंबांचाही तीत वाटा आहे. आखाती व जहाजावरील कमाई हा या वाढीचा तिसरा प्रवाह होय. मुंब्रा व वसई-नालासोपारा यांप्रमाणे मीरा रोड येथेही कुवेत, सौदी अरेबिया, दुबई येथे काम करणाऱ्यांनी सदनिका घेतल्या. १९७० मध्ये सुरू झालेल्या अनिवासी बाह्य खात्यांमुळे परकीय चलनातील बचत देशात आणणे सुलभ झाले होते. गावाकडील घर प्रतिष्ठेचे. शहरातील सदनिका मात्र मुलांच्या इंग्रजी शाळेसाठी, रुग्णालयासाठी आणि परतल्यावर स्वतःला काही उद्योग करता यावा यासाठी, असा हिशेब असे. विमानतळ जवळ असणे हीदेखील त्यात मोठी सोय होती.

अशा सदनिकेत मालक वर्षा-दोन वर्षांतून महिनाभर राहतो. संसार चालविते ती त्याची पत्नी. बँकेचे व्यवहार, गृहनिर्माण संस्थेच्या सभा, मुलांचे प्रवेश, सासू-सासऱ्यांचे आजारपण ही कामे तिच्याकडे आल्याने तिचा वावर व अधिकार वाढला. त्याबरोबर एकटेपणा व जबाबदारीही वाढली. पूर्वी पत्रे व ध्वनिफिती, नंतर दूरध्वनी आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील चित्रसंभाषण यांनी अंतर कमी केले; परंतु मुलांचे बालपण वडिलांच्या अनुपस्थितीत गेले, हे त्यांनी भरून येण्यासारखे नव्हते. परतलेल्या कामगारालाही निवृत्तिवेतन नसते. पन्नाशीनंतर नवी नोकरी मिळणे कठीण असते. मग दुकानाचा गाळा, रिक्षा किंवा भाड्याने दिलेली एखादी खोली यांवर उतारवय काढावे लागते.

तुलना व सद्यःस्थिती : ब्रिटन व अमेरिका येथे गेलेल्या मराठी लोकांचा अनुभव याहून भिन्न आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मधील आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या आप्रवासन कायद्याने शिक्षितांना कायम निवासाची वाट मोकळी केली. तेथे गेलेल्या डॉक्टर व अभियंत्यांच्या संस्थांतून १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेथे दुसरी पिढी त्याच देशाची नागरिक होऊन वाढली. शिक्षणातील तफावत महत्त्वाची असली, तरी केवळ तिने हा फरक पडलेला नाही. निरक्षर मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये नागरिक झाले आणि पदवीधर हिशेबनीस कुवेतमध्ये तीस वर्षे काढून परदेशीच राहिला. यजमान देशाचा कायदा हाच येथे निर्णायक घटक होता.

अलीकडे आखाती देशांनी काही बदल केले आहेत. मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा कतारने २०२० मध्ये व सौदी अरेबियाने काही मर्यादांसह २०२१ मध्ये दिली. संयुक्त अरब अमिरातींनी २०१९ पासून धनिक व उच्चशिक्षितांसाठी दीर्घ मुदतीचे निवासपरवाने सुरू केले. छावणीतील कामगाराला मात्र कायम वास्तव्य अद्याप मिळालेले नाही. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत सु. ९० लाख भारतीय राहतात. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये परदेशातून आलेल्या रकमांपैकी ३५·२ टक्के महाराष्ट्रात आल्या व या बाबतीत राज्याने केरळला मागे टाकले. अर्थात मुंबईतील बँकांत जमा होणाऱ्या रकमांमुळे हे प्रमाण काहीसे फुगलेले असू शकते.

उत्प्रवासनाचा इतिहास सामान्यतः गंतव्य देशांच्या संदर्भात लिहिला जातो. मॉरिशसबाबत ते योग्यच आहे, कारण त्या कथेचा शेवट मॉरिशसमध्ये होतो. आखाती उत्प्रवासनाचा शेवट मात्र कोकणातील गावांत व मीरा रोडसारख्या उपनगरांत होतो. परदेशी स्थायिक होऊ न शकलेल्यांनी ज्या जागी अखेर स्थायिक होण्याची तजवीज केली, त्या जागांचा इतिहास हा या विषयाचाच भाग होय.